कूलरचा कंडेन्सर आणि कोॲक्सियल स्पीकरचा क्रॉसओव्हर

आठ इंची कोॲक्सियल ड्रायव्हरची, म्हणजे जाड आवाजाचा वूफर आणि बारीक आवाजाचा ट्विटर एकाच अक्षावर असलेल्या स्पीकरची, जोडी हाताशी होती आणि नागपूरच्या लकडगंजातून प्लाय कापून आणून पेट्याही झाल्या होत्या. अडलं होतं ते क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे वूफर आणि ट्विटरमध्ये आवाज वाटून देणाऱ्या फिल्टरपाशी. बर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये तयार बोर्ड मिळतात. वर छापलेलं असतं, ‘८ ओहम, २५०० हर्ट्झ’. एक आणून लावलाही. आवाज आला, पण बायकांचे आवाज नाकातून आल्यासारखे वाटत होते.

याचं कारण मल्टिमीटरला दिसत नाही. वूफरचा डीसी रोध ५.६ ओहम आणि त्याच्या कॉइलचं इंडक्टन्स ०.७ मिलिहेन्री. इंडक्टन्सचा अडथळा वारंवारतेबरोबर वाढतो, म्हणजे २५०० हर्ट्झला वूफर १२ ओहमच्या पुढे जातो. बोर्ड बनवणाऱ्याने धरलेला ८ ओहम तिथे नसतोच, त्यामुळे फिल्टर भलतीकडेच कापतो. साऊंडकार्डला १०० ओहमचा रेझिस्टर जोडून रूम ईक्यू विझार्ड या मोजणीच्या सॉफ्टवेअरवर इम्पिडन्सचा (वारंवारतेनुसार बदलणाऱ्या रोधाचा) आलेख काढला, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. उपाय जुनाच आहे, झोबेल नावाची रेझिस्टर-कंडेन्सरची जोडी: वूफरच्या समांतर ६.८ ओहम आणि त्याच्या मालिकेत १५ मायक्रोफॅरड नॉन-पोलर. मग वूफर ७ ओहमच्या आसपास सपाट राहतो आणि पुढचं गणित करण्याजोगं होतं.

वारंवारता निवडायला फार डोकं लागलं नाही. यातला ट्विटर म्हणजे कॉम्प्रेशन ड्रायव्हर; त्याच्या कागदावर १८०० हर्ट्झच्या खाली नेऊ नका असं होतं, आणि आठ इंची कोन २००० च्या पुढे आवाज एका दिशेला गोळा करू लागतो. १८०० पासून पुरेसं अंतर राखायचं होतं, म्हणून कोनचं थोडं गोळा होणं चालवून घेतलं आणि २५०० धरलं. उतार दुसऱ्या ऑर्डरचा (दर सप्तकाला १२ डेसिबल), लिंकविट्झ-रायली प्रकारचा. ८ ओहमला सूत्र देतं १.०२ मिलिहेन्रीची कॉइल आणि ३.९८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर.

आता ४ मायक्रोफॅरडचा चांगला पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर नागपुरात कुठे मिळतो? कूलरच्या दुकानात! पंख्याच्या मोटरचा ४४० व्होल्टचा कंडेन्सर असतो ना, त्यात आतला थर (डायइलेक्ट्रिक) हाच, पॉलिप्रॉपिलीनचा. एकदम चार मागितले तर दुकानदार म्हणाला, “काहून भाऊ, घरचे सगळे कूलर एकाच दिवशी बसले का?” स्पीकरला लावणार म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं ते पाहिलंच.

कॉइल मात्र मोटर रिवाइंडिंगवाल्या भाऊंकडून १८ गेजच्या एनॅमल तारेवर गुंडाळून घेतल्या, हवेच्या गाभ्याच्या. वेढे मुद्दाम जास्त घेतले आणि घरी इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर लावून एकेक वेढा सोडत आलो. वूफर झोबेलनंतर ७ ओहमचा, त्यामुळे त्याची कॉइल ०.९ मिलिहेन्रीवर थांबवली. लोखंडी गाभ्याची कॉइल लहान आणि स्वस्त पडते, पण मोठ्या आवाजाला गाभा संपृक्त होतो. ते मला नको होतं.

कॉम्प्रेशन ड्रायव्हर वूफरपेक्षा १० डेसिबलने चढा होता. त्याला उतरवायला एल-पॅड, म्हणजे दोन रेझिस्टरची जोडी, लागला: मालिकेत साडेपाच ओहम, समांतर पावणेचार. वायरवाउंडच घ्या, गरम होतात.

खरी गंमत पोलॅरिटीत, म्हणजे प्लस-मायनस सरळ जोडायचं की उलट यात आहे. पुस्तकं सांगतात, दुसऱ्या ऑर्डरला ट्विटर उलटा जोडा, कारण दोन फिल्टरमध्ये फेजचा १८० अंशांचा, म्हणजे अर्ध्या आवर्तनाचा फरक पडतो. पण माझा ट्विटर चुंबकाच्या पाठीमागे, कोनपेक्षा साधारण ७ सेंटिमीटर मागे बसलेला. ते अंतर कापायला आवाजाला ०.२ मिलिसेकंद लागतात, आणि २५०० हर्ट्झचं अर्धं आवर्तन नेमकं तेवढंच! म्हणजे उलटा जोडून जे मिळवायचं, ते अंतरानेच मिळालेलं. कागदावर तरी असं दिसतं. ड्रायव्हरची स्वतःची फेजही मध्ये येते, म्हणून मोजूनच ठरवायचं होतं.

मे महिन्यात मोजणी म्हणजे कूलर बंद करून, घामाघूम होऊन, रात्री उशिरा. दोन्ही पोलॅरिटी मोजल्या. उलट्या जोडणीत २५०० पाशी खोल खड्डा पडला, सरळ जोडणीत तिथे काहीच नाही. खड्डा जितका खोल तितकी दुसऱ्या जोडणीत फेज जुळलेली. माइक वर-खाली केला तरी खड्डा जागचा हलला नाही. हे फक्त कोॲक्सियललाच जमतं, आणि म्हणूनच त्याचा क्रॉसओव्हर एकदा नीट जुळला की सोफ्यावर बसणाऱ्यालाही तोच आवाज आणि खाली चटईवर लोळणाऱ्यालाही तोच.

बोर्डवर बसवताना दोन्ही कॉइल एकमेकींना काटकोनात आणि शक्य तितक्या लांब ठेवल्या. बांधायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या. कॉइलच्या मधून लोखंडी स्क्रू घातला तर ०.९ हे ०.९ राहत नाही.