वाचनालयाचं ॲप आणि ‘४८ तास थांबा’

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचं देवघेवीचं ॲप क्लाउडवर चढवायचं काम माझ्याकडे होतं. कोड जँगो या पायथन फ्रेमवर्कमधला, डेटाबेस पोस्टग्रेस. गिटवर कोड पुश केला की क्लाउडवरचा प्लॅटफॉर्म आपला आपण बिल्ड करतो आणि ॲप चालू होतं. तो भाग सुरळीत पार पडला, त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते डोमेनबद्दल. त्या एका टप्प्यावर प्लॅटफॉर्म आणि डोमेन विकणारे, दोन्हीकडून ‘थांबा’ एवढंच ऐकावं लागलं, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

प्लॅटफॉर्म ॲपला एक लांबलचक पत्ता देतो. त्यावर सगळं चालत होतं. पण वाचनालयाचं स्वतःचं डोमेन आहे, जुन्या वेबसाइटच्या वेळी घेतलेलं. पावतीपुस्तकांवर, दारावरच्या फलकावर तेच छापलंय. सभासदांना दुसरा पत्ता पाठ करायला लावणं मला मान्य नव्हतं.

डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं हे डीएनएसमधले रेकॉर्ड सांगतात: ए रेकॉर्ड सर्व्हरचा अंकी पत्ता (आयपी) देतो, सीनेम दुसऱ्या नावाकडे पाठवतो. मुख्य डोमेनला सीनेम लावता येत नाही. ज्या नावाला सीनेम असतो त्याला दुसरे रेकॉर्ड चालत नाहीत, आणि मुख्य डोमेनला एनएस आणि एसओए (डोमेनची मूळ माहिती सांगणारे रेकॉर्ड) असावेच लागतात. म्हणून तिथे प्लॅटफॉर्मने दिलेला आयपी ए रेकॉर्डमध्ये टाकला, आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ला सीनेम दिला. डॅशबोर्डवर डोमेनपुढे पिवळा ठिपका आला: ‘सर्टिफिकेट पेंडिंग’, म्हणजे सुरक्षित जोडणीचं (एचटीटीपीएसचं) प्रमाणपत्र अजून मिळायचं होतं. तो पिवळाच राहिला.

त्यात एक विचित्र गोष्ट. माझ्या घरच्या ब्रॉडबँडवर नवं ॲप उघडत होतं, आणि ग्रंथपाल मॅडमच्या मोबाइलवर त्याच पत्त्यावर जुन्या होस्टिंगचं ‘अंडर कन्स्ट्रक्शन’ पान. मी दोन्ही स्क्रीनचे फोटो लावून प्लॅटफॉर्मच्या सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर आलं, ‘डीएनएस प्रोपगेशनला २४ ते ४८ तास लागतात, कृपया थांबा.’ डोमेन विकणाऱ्यांच्या चॅटवरही तेच. मुदत उलटल्यावर पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच वाक्य, वर ‘मधूनमधून रीट्राय दाबत राहा’ हा सल्ला. रेकॉर्ड उघडून बघायची तसदी एकानेही घेतली नाही.

हे ४८ तासांचं उत्तर म्हणजे निदान नव्हे. डीएनएसचा बदल कुठे हळूहळू पसरत वगैरे नसतो. वाटेतले सर्व्हर जुनं उत्तर टीटीएल (रेकॉर्डवर लिहिलेली मुदत) संपेपर्यंत जपून ठेवतात, बस. आमचा टीटीएल ३६०० सेकंद होता, म्हणजे एक तास. तासाभरानंतरही जुनं पान दिसत असेल तर कुठेतरी जुना रेकॉर्ड जिवंत आहे, असाच त्याचा अर्थ.

म्हणून टर्मिनल उघडून डिग या डीएनएस तपासायच्या कमांडने थेट डोमेनच्या नेमसर्व्हरलाच (मूळ रेकॉर्ड जिथे असतात त्या सर्व्हरला) विचारलं, मधल्या कोणाला नाही. ए रेकॉर्ड बरोबर. मग एएएए रेकॉर्ड (आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्याचा) विचारला, आणि उत्तरात कोलनांनी भरलेला एक लांब आयपीव्ही६ पत्ता आला. जुन्या होस्टिंगचा! पॅनेलच्या मुख्य पानावर फक्त ए, सीनेम आणि एमएक्स (ईमेलचा) दिसत होते. एएएए ‘ॲडव्हान्स्ड’ नावाच्या टॅबमागे दडवलेला.

सगळा उलगडा तिथेच झाला. मोबाइल डेटावर आपल्याकडे आयपीव्ही६ सर्रास असतं आणि फोन आधी तोच रस्ता धरतो, म्हणून मॅडमना जुनं पान. प्रमाणपत्र देणारी लेट्स एनक्रिप्टसुद्धा पडताळणीला आधी आयपीव्ही६वरच जाते. तिकडे कनेक्शनच लागलं नाही तर ती आयपीव्ही४ (ए रेकॉर्डमधला जुन्या पद्धतीचा पत्ता) वापरून बघते, पण जुना सर्व्हर जिवंत असेल आणि ‘४०४’ (पान सापडलं नाही) म्हणाला, तर तेच उत्तर धरलं जातं. म्हणजे ४८ तास काय, ४८ दिवस थांबलो असतो तरी ठिपका पिवळाच राहिला असता.

एएएए काढला. मोबाइलवर ॲप दिसू लागलं. प्रमाणपत्र मात्र अजून अडलेलं, कारण त्याच टॅबमध्ये एक सीएए रेकॉर्ड (डोमेनला प्रमाणपत्र कोणी द्यायचं ते सांगणारा) होता आणि त्यात दुसऱ्याच प्रमाणपत्र संस्थेचं नाव होतं. सप्टेंबर २०१७पासून हा रेकॉर्ड तपासणं सर्व प्रमाणपत्र संस्थांना बंधनकारक आहे. त्यात लेट्स एनक्रिप्टचं नाव घातलं आणि ठिपका हिरवा झाला. खरं सांगतो, तेव्हा मी खुर्चीतून उठून मॅडमना फोनच लावला.

रीट्रायबद्दल सांगायचं राहिलं. एका नावासाठी तासाला पाच पडताळण्या फसल्या की लेट्स एनक्रिप्ट दार लावून घेते. त्यामुळे ‘दाबत राहा’ हा सल्ला घातक आहे. आधी रेकॉर्ड दुरुस्त करा, मगच बटण दाबा.

आता आठवतील तशा बाकीच्या गोष्टी. नवं डोमेन लागलं की जँगोच्या ‘अलाउड होस्ट्स’मध्ये (ॲपने कुठल्या नावांना उत्तर द्यायचं ती यादी) त्याचं नाव घाला. आणि ‘सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स’मध्ये (कुठल्या पत्त्यांवरून आलेले फॉर्म चालतील ती यादी) ते एचटीटीपीएससकट लिहा, ४.० आवृत्तीपासून ते सक्तीचं आहे. नाहीतर पान उघडतं, पण लॉगिन होत नाही.

पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो ॲपच्या डिस्कवर ठेवू नका. अशा बऱ्याच प्लॅटफॉर्मवर पुढच्या डिप्लॉयला (नवा कोड चढवला की) ती डिस्क कोरी होते. फोटोंसाठी वेगळं ऑब्जेक्ट स्टोरेज (फाइली ठेवायची स्वतंत्र सेवा) घ्या. पासवर्ड, सीक्रेट की, डेटाबेसचा पत्ता एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्येच (कोडबाहेर, प्लॅटफॉर्मच्या सेटिंगमध्ये) ठेवा, गिटमध्ये कधीच नाही.

मुदत संपलेल्या पुस्तकांची आठवण सकाळी नऊला जायला हवी असेल, तर शेड्युलरमध्ये पहाटे साडेतीन लिहा. तिथलं घड्याळ यूटीसीचं (जागतिक प्रमाणवेळेचं) असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

आणि डोमेन हलवायचं ठरलं की आदल्या दिवशीच टीटीएल ३०० सेकंदांवर आणून ठेवा. जुने रेकॉर्ड साफ करताना एमएक्स आणि टीएक्सटीला हात लावू नका, वाचनालयाची ईमेल त्यांच्यावरच चालते.