‘चालू होतेय ना, मग ओके आहे’: नव्या पीसीतल्या रॅमचा माझा अनुभव

नवा पीसी बंद पडायला लागला की पहिला आळ विंडोजवर येतो. घरचे तेच म्हणतात, ओळखीचे तेच म्हणतात आणि सर्व्हिस सेंटरवाले तर हमखास. माझ्या पीसीत दोष रॅमच्या (काम चालू असताना माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या मेमरीच्या) एका स्टिकमध्ये, म्हणजे पट्टीत, होता. तो मी घरबसल्या शोधला. पण तो मान्य करून घेताना जो त्रास झाला, त्याचा राग अजून गेलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला अशा काउंटरसमोर उभं राहावं लागलं, तर हातात काय असावं हे कळावं म्हणून लिहितेय.

मी डोंबिवलीला घरून डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं लावण्याचं, काम करते. गणपतीच्या आधीपासूनच दिवाळी अंकांची पानं यायला लागतात. जुन्या मशीनवर विंडोज १० होतं, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि तो प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून सामान आणलं: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, ६००० वेगाच्या डीडीआर५ रॅमची १६-१६ जीबीची जोडी आणि १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी. जोडणी मीच केली आणि ती नीट झाली.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा बराच वेळ काळाच राहतो आणि बोर्डावर ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा पेटलेला असतो. ते बिघडलेलं नसतं. बोर्ड रॅमशी वेळ जुळवत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ मध्ये त्याला काही मिनिटं सहज लागतात. मधेच बटण दाबून बंद करू नका. विंडोज टाकतानाही एक अडचण येते. ते इंटरनेट मागतं आणि नव्या बोर्डाच्या लॅन-वायफायचा ड्रायव्हर त्याच्याकडे नसतो. फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, काम होतं.

खरा त्रास इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधून मोठ्या अंकाची पीडीएफ काढताना सुरू झाला. मधेच ब्लू स्क्रीन, म्हणजे विंडोज कोलमडल्याचा पडदा. नव्या अपडेटनंतर तो पडदा आता काळा झालाय, पण लोकांच्या तोंडी नाव तेच आहे. दर वेळी कारण वेगळं: कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. लेखकाकडून आलेली झिप फाइल ‘करप्ट’ म्हणून उघडेना आणि तीच फाइल थोड्या वेळानं उघडली. एकच ड्रायव्हर खराब असेल तर सहसा तेच तेच नाव येत राहतं. नावं अशी बदलत राहिली की रॅमवर संशय घ्यायचा, हे मला माहीत होतं.

विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी चालवली, तिनं काहीच दोष नाही म्हणून सांगितलं. तिच्यावर थांबू नका. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घ्या आणि त्यावरूनच मशीन सुरू करा. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात, तेवढ्या पुरतात. मात्र तपासणीआधी बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो ही रॅम वाढीव वेगावर चालवणारी सेटिंग बंद करा. ६००० चा वेग एक्स्पोमुळे मिळतो आणि तो ओव्हरक्लॉकमध्ये, म्हणजे मूळ वेगापेक्षा जास्त, धरला जातो. त्या वेगावर चुका दिसल्या तर समोरचा म्हणू शकतो, वेग कमी करा. मी मूळ ४८०० वर तपासलं. एका वेळी एकच स्टिक, बोर्डावर ए२ नाव असलेल्या खाचेत (स्लॉटमध्ये). पहिली रात्रभर चालली, एकही चूक नाही. दुसरी लावली आणि थोड्याच वेळात लाल ओळी. प्रत्येक ओळीत अपेक्षित आकडा आणि मिळालेला आकडा शेजारीशेजारी असतात. पाहिजे ००००००००, मिळाला ००००४०००. पुढच्या ओळीत मेमरीतला पत्ता वेगळा, पण चुकलेला बिट (० किंवा १ चा एक अंक) तोच. पुन्हा तोच. शंकेला जागाच नव्हती. त्या स्टिकवर कागदी टेप लावून ‘खराब’ लिहिलं.

इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं.

दुकानदारानं सांगितलं, ‘ताई, रॅमची वॉरंटी डायरेक्ट कंपनीची, सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागेल.’ घाटकोपरला उतरून मेट्रोनं साकीनाका, तिथून रिक्षा. काउंटरवरच्या मुलानं बिल मागितलं, सिरियल नंबर जुळवला (बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून घ्या, नसेल तर दुकानातून हलू नका) आणि जॉब शीट (तक्रारीची नोंद) भरायला घेतली. मी पेन ड्राइव्हवरचा रिपोर्ट छापून नेला होता. त्यानं तो बाजूला ठेवला आणि स्क्रीनवरच्या यादीतून तक्रार निवडली: ‘नो डिस्प्ले’.

मी म्हटलं, ‘अहो, डिस्प्ले येतोय. चुका येतायत.’

‘मॅडम, रॅमसाठी यात तीनच ऑप्शन आहेत. नो डिस्प्ले, नॉट डिटेक्टेड, फिजिकल डॅमेज.’

सगळं घोडं इथेच अडलं. आत बसलेल्या इंजिनिअरकडे तेवढाच एक शब्द जातो. नो डिस्प्ले म्हटल्यावर तो स्टिक त्याच्या बोर्डावर लावतो, डिस्प्ले येतो का बघतो, येतो, आणि शेरा मारतो: ‘नो फॉल्ट फाउंड’. पुन्हा बोलावून तीच रॅम, तीच टेप लावलेली, माझ्या हातात दिली गेली. ‘चालू होतेय ना, मग ओके आहे. विंडोज परत टाकून बघा.’

मी विचारलं, ‘मेमटेस्ट चालवली का?’ उत्तर नाही. मग बोलावलेल्या सीनियरनं सांगितलं की डीडीआर५ मध्ये ईसीसी (चूक आपोआप दुरुस्त करणारी सोय) असतं, त्यामुळे चूक येऊच शकत नाही. हे साफ चुकीचं आहे. डीडीआर५ मधलं ईसीसी चिपच्या पोटातलं असतं. एखादा बिट आतल्या आत उलटला तर ते दुरुस्त करतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे बिघडतं ते त्याला दिसतही नाही. मग त्यानं इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीबद्दल विचारलं, मी फोनवरचा फोटो दाखवला, तर म्हणे ‘कर्नल पॉवर ४१’ आलाय, म्हणजे एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) गेलाय. ४१ चा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता परत सुरू झालं. का, ते त्यात नसतं. आणि एसएमपीएस खराब असता तर त्याच मशीनवर पहिली स्टिक रात्रभर स्वच्छ कशी चालली असती? यावर तो म्हणाला, ‘सिस्टिममध्ये तसं मला टाकता येत नाही.’

मला संताप आला तो याचा. माणूस मूर्ख नव्हता, त्याला माझं म्हणणं पटत होतं. पण रॅम बनवणाऱ्या कंपनीच्या जॉब शीटमध्ये ‘मेमरी एरर’ हा पर्यायच नाही! रॅम बहुतेक वेळा अशीच बिघडते. पूर्ण मरत नाही, अधूनमधून खोटं बोलते. आणि तेवढीच तक्रार लिहायला जागा नाही.

घरी येऊन कंपनीच्या सपोर्टला मेल लिहिला. दोन्ही स्टिकचे रिपोर्ट वेगवेगळे जोडले, लाल पडद्याचा फोटो, स्टिकरचे फोटो, बायोसमध्ये एक्स्पो बंद असल्याचा फोटो, जॉब शीटची प्रत. स्पष्ट लिहिलं की मशीन चालू होतं, डिस्प्ले येतो, तक्रार ती नाही. मेमटेस्टची किमान एक पूर्ण फेरी चालवून लेखी निकाल द्या, नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवते. तसं करायची वेळ आली नाही. मला नवा केस नंबर मिळाला, आणि पुढच्या वेळी काउंटरवर मी जॉब शीटवर सही करण्याआधी रिमार्कच्या रकान्यात ‘मेमटेस्टमध्ये एरर, एक्स्पो बंद, ए२ स्लॉट’ हे शब्द लिहून घेतले. त्या रकान्याकडे लक्ष द्या. यादीत काहीही निवडू देत, रिमार्कमध्ये तुमचेच शब्द हवेत. या वेळी मी तिथेच बाकावर बसून राहिले. आतून तोच सीनियर आला आणि म्हणाला, ‘हो मॅडम, पहिल्याच फेरीत आले.’ मला इतकं बरं वाटलं की त्याच्याशी भांडायचं ठरवलेलं सगळं राहून गेलं.

रॅम जोडीनं विकत घेतली असेल तर दोन्ही स्टिक जमा कराव्या लागतात, एकीवर काम चालवता येत नाही. बदली जोडी ‘स्टॉकमध्ये नाही’ म्हणून आणखी थांबावं लागलं आणि तोवर अंकाची पानं जुन्या मशीनवरच लावली. त्यामुळे नवा पीसी आला म्हणून जुना लगेच विकू नका. आणि हे आधी सांगायला हवं होतं: रॅमवरचा सिरियल नंबराचा स्टिकर फार बारीक असतो आणि बोर्डात बसवल्यावर कूलरखाली झाकला जातो. कॅबिनेट बंद करायच्या आधी सगळ्या स्टिकरांचे फोटो काढून ठेवा. प्रोसेसर आतल्या ग्राफिक्ससह घेतला तर वेगळं ग्राफिक्स कार्ड काढूनही मशीन तपासता येतं, हाही मला झालेला फायदा.

नवी जोडी आली तेव्हा विंडोज टाकायच्या आधी तिच्यावर चारही फेऱ्या चालवल्या, आधी ४८०० वर, मग एक्स्पो चालू करून ६००० वर. स्वच्छ. मग एसएसडी पूर्ण पुसून विंडोज नव्यानं टाकलं, कारण खराब रॅममधून गेलेली कुठलीही फाइल गुपचूप बिघडलेली असू शकते. त्या काळात नव्या मशीनवर कॉपी केलेले फाँट, फोटो आणि पानं सगळी फेकून दिली आणि जुन्या हार्डडिस्कवरून परत आणली. त्यातल्या दोन जाहिरातींच्या पीडीएफ खरोखरच वेगळ्या निघाल्या. छपाईला त्या तशाच गेल्या असत्या.