करडईच्या फुलांतली लाली

गेली तीन वर्षे मी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराच्या माडीवर बसून जुन्या जपानी ठसाचित्रांच्या प्रतिकृती हाताने रंगवीत आहे. किटागावा उतामारो आणि केईसाई एईसेन यांनी काढलेली योशिवाराच्या, म्हणजे एदो (आजचे टोकियो) शहरातल्या गणिकावस्तीच्या, गणिकांची चित्रे हा माझा मुख्य अभ्यास आहे. मूळ चित्रे एका हाताची नव्हेत. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा ते रानचेरीच्या लाकडावर उलटे चिकटवून कोरी आणि छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा घेऊन त्यावर कागद घासून रंग उमटवी. कपाळाशी सुटणारी केसांची बारीक रेघ चाकूच्या टोकातून आलेली असते. तीच रेघ ब्रशने ओढताना हात जरासा थांबला तरी तिथे गाठ पडते, आणि तेवढ्यासाठी मी अख्खे कागद बाजूला टाकले आहेत.

तरीही मला अधिक काळ अडवून ठेवले ते रेषेने नव्हे, रंगाने. या चित्रांतला गुलाबी आणि लाल रंग बहुतेक करडईच्या फुलांचा होता, हे वाचले तेव्हा मला अथणीकडची मामांची काळी रानेच आठवली. तिथे अजूनही ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी टाकतात, कारण तिच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत. आपल्याला करडई ठाऊक आहे ती तेलासाठी आणि कोवळ्या पाल्याच्या भाजीसाठी. पण ‘कुसुंबी’ हा जुना शब्द याच फुलाच्या रंगाचा आहे. जपानात मोगामी नदीच्या खोऱ्यात त्यासाठी करडईचे मोठे पीक घेत. तिथला रंग कापडाला जाई, ठशाला जाई आणि गणिकेच्या ओठांनाही जाई, म्हणजे चित्रातल्या ओठांवर जो रंग छापला जाई, तोच त्या बाईच्या खऱ्या ओठांवरही असे.

मागच्या माघात मामांकडून सुकलेल्या पाकळ्यांची पिशवी आणली. या फुलात दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्यात सुटतो आणि तो आधी पूर्ण धुऊन काढावा लागतो. लाल मात्र खाराशिवाय सुटत नाही. म्हणून पाण्याचा पिवळेपणा जाईपर्यंत पाकळ्या मळून धुतल्या, मग पापडखाराच्या पाण्यात मळल्या आणि त्या पाण्यात लिंबू पिळले. आंबटपणा लागताच पाणी लालसर होते आणि हळूहळू रंग खाली बसू लागतो. जपानी कारागीर खारासाठी राखेची निवळी आणि आंबटासाठी त्यांच्याकडचे आलुबुखारासारखे ‘उमे’ हे फळ वापरीत. पिशवीभर पाकळ्यांतून माझ्या हाती आला तो शिंपल्यात मावेल एवढा रंग. तो किती महाग पडत असेल, याचा अंदाज तेव्हाच आला.

हा रंग उन्हात टिकत नाही. जुन्या चित्रांतला निळाही असाच नाजूक; तो आपल्या शेतात तण म्हणून उगवणाऱ्या केन्याच्या जवळच्या एका झाडाच्या पाकळ्यांचा असे, आणि पाण्याचा थेंब पडला तरी जाई. आज आपण या चित्रांना ‘सौम्य’ म्हणतो, त्यातला बराचसा सौम्यपणा उडालेल्या रंगाचा आहे. बोस्टनच्या संग्रहालयाला १९२१ साली स्पॉल्डिंग बंधूंनी साडेसहा हजारांच्या आसपास ठसाचित्रे दिली ती कधीही प्रदर्शनात मांडायची नाहीत या अटीवर, आणि त्यामुळेच त्यांचे रंग वाचले. मला वाटते, प्रतिकृती करणाऱ्याने विटलेला रंग जसाच्या तसा उतरवू नये. छापणाऱ्याने जो रंग पाहिला तो शोधावा.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८७ साली एईसेनच्या एका गणिकेची तैलरंगातील प्रतिकृती केली ती मासिकाच्या मुखपृष्ठावरून. तिथे चित्र उलटे छापले गेले होते, म्हणून त्याची गणिकाही मूळ चित्राच्या उलट दिशेला वळलेली आहे. रंग त्याने सरळ स्वतःचे लावले, आणि मला ते प्रामाणिक वाटते.

एकदा मामी आल्या असता वाळत घातलेल्या चित्रापुढे उभ्या राहिल्या. “ही कुठल्या राणीची तसबीर गं?” ओबीची, म्हणजे किमोनोच्या कमरपट्ट्याची, गाठ पुढे बांधलेली आहे, ही ओइरान, म्हणजे वरच्या दर्जाची गणिका, असे मी सांगितले. मग हेही सांगितले, की गरीब घरच्या मुली लहानपणीच पैसे घेऊन योशिवारात दिल्या जात, आणि हानाओगी हे चित्रावर छापलेले नावसुद्धा तिथल्या गणिकागृहाचे असे. एक गेली की दुसरीला तेच मिळे. मामी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आमच्याच जिल्ह्यात सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडल्या जात, त्याविरुद्ध १९८२ साली कायदा करावा लागला; त्यांना वेगळे काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. शेवटी म्हणाल्या, “ओठ मात्र नीट रंगव हो.”

सध्या मी एईसेनच्या एका गणिकेच्या खालच्या ओठाशी थांबले आहे. त्या काळी करडईचा लाल रंग ओठावर थरावर थर देऊन इतका दाट लावीत, की त्याला हिरवी सोनेरी झाक येई, आणि एईसेनने तो ओठ हिरवा दाखवला आहे. हिरवा रंग लावून काम भागले असते. मी लिंबाने बसवलेला लाल रंगच पाच वेळा लावला आहे; झाक अजून आलेली नाही आणि शिंपला रिकामा झाला आहे. मामांनी निरोप पाठवला आहे, की यंदा कडेच्या दोन ओळी जास्त टाकल्या आहेत.