लॉगबुकातल्या २० प्रसूती

नर्सिंग शिकतानाच्या माझ्या लॉगबुकात मी केलेल्या म्हणून २० नॉर्मल प्रसूती आहेत. प्रत्येकीपुढे नोंदणी क्रमांक, तारीख, बाळाचं वजन आणि मॅडमची सही. त्यातल्या माझ्या हातांनी झालेल्या ६. बाकीच्या १४ माझ्या वर्गातल्या मुलींनी केल्या आणि मी त्यांच्या वह्यांतून उतरवून घेतल्या. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारक, म्हणजे स्टाफ नर्स आहे. कारखान्याचा पट्टा, त्यामुळे गळीत हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांचे पेशंट भरपूर. त्या रात्री माझी ड्यूटी पुरुष वॉर्डला होती. प्रसूती कक्षाच्या सिस्टर झटके आलेल्या एका गरोदर बाईला घेऊन १०२ च्या रुग्णवाहिकेतून जिल्ह्याला गेल्या होत्या. डॉक्टर कॅज्युअल्टीत विष प्यालेल्या पोराचं पोट धूत होते. अडीचच्या सुमारास ट्रॅक्टर दारात थांबला. ट्रॉलीत गोधडी टाकून एका बाईला आणलं होतं. टेबलावर घेतलं तेव्हा डोकं दिसायला लागलं होतं.

तिची सासू दारातच आडवी आली. “बाई न्हाई का कुनी? गडी मानूस कशाला आत?”

हे वाक्य मला नवं नव्हतं. आमच्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या बॅचला ४० जणांत ७ मुलं. प्रसूती कक्षाची पोस्टिंग लागली की आम्हाला केसपेपर लिहायला बसवायचे, नाहीतर ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला पाठवायचे. पेशंट उचलायचा असला, मनोरुग्ण विभागात कुणाला धरायचं असलं, की मात्र “ब्रदर कुठं गेले?” पदांची नावं अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका, एएनएम या नर्सिंगच्या छोट्या कोर्सला तर मुलांना प्रवेशच नाही. एम्सच्या नर्सभरतीत २०१९मध्ये ८० टक्के जागा महिलांना, २० टक्के पुरुषांना असं ठरलं. जागा कमी असल्याची खंत मला आहेच. पण नर्सिंग परिषदेच्या नोंदणीत माझ्या नावापुढे मिडवाइफ, म्हणजे प्रसूती करणारा, लिहिलंय आणि ते काम मला पुरतं शिकवलं गेलं नाही, हे जास्त बोचतं.

मी सासूला म्हणालो, “मावशी, सिस्टर जिल्ह्याला गेल्यात. तुम्ही आत या, डोक्याशी उभ्या राहा.” मग बाईकडे वळलो. “ताई, मी नर्स आहे. डॉक्टरांना निरोप पाठवलाय. तोवर मी करू का?”

तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. “कोनीबी करा, पर सोडवा मला.”

ग्लोव्हज चढवताना हात थरथरत होते. डावा हात डोक्यावर, उजव्या हातात पॅड, खालून आधार. पुस्तकातली ओळ पाठ होती, पण किती दाबायचं हे पुस्तकातून कळत नाही. ते दहा-पंधरा वेळा केल्यावर हाताला कळतं. माझा हात सहाच वेळा शिकलेला. “आता जोर नका लावू ताई, तोंडानं श्वास सोडा.” डोकं हळूहळू बाहेर आलं. मानेभोवती बोट फिरवलं तर नाळेचा एक वेढा. सैल होता. डोक्यावरून काढून घेतला. पुढच्या कळेला खांदे आले आणि मुलगी माझ्या हातात आली, ओली, निसटती. आईच्या पोटावर ठेवून पुसत होतो तोच ती रडली.

मांडीत ऑक्सिटोसिन १० युनिट दिलं. वार पडली. ट्रेमध्ये पसरून दोनदा तपासली, एखादा तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही, या भीतीनं. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय कडक गोळा झालेला. त्या क्षणी मला माझा श्वास जाणवला. थोडं फाटलं होतं, ते डॉक्टरांनी येऊन शिवलं. अनुभवी हात असता तर कदाचित तेवढंही फाटलं नसतं.

मुलगी २ किलो ४०० ग्रॅम. रजिस्टरमध्ये शेवटच्या रकान्यावर छापलं होतं, ‘परिचारिकेची सही’. तिथं सही केली.

पहाटे सासूनं ट्रॅक्टरवाल्याकडून माझ्यासाठी चहा पाठवला. मी मात्र एकाच गोष्टीचा विचार करत होतो. शिकताना मला ज्या-ज्या बाईच्या टेबलापासून मागं सरकवलं, त्यातल्या एकीलाही कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनं ठरवलं, सिस्टरनं ठरवलं, सासूनं ठरवलं. बाई नको म्हणाली तर बाहेर जायलाच हवं; शरीर तिचं आहे. पण तिला विचारा तरी!

पुढचे तीन महिने सुट्टीच्या दिवशी मी प्रसूती कक्षात सिस्टरांच्या हाताखाली उभा राहिलो. त्यांनी मनापासून शिकवलं.

आता आमच्याकडे नर्सिंगचे विद्यार्थी येतात. परवा त्यातल्या एका मुलाला घेऊन सिस्टर आणि मी कळा देणाऱ्या बाईजवळ गेलो. सिस्टरांनी सगळं समजावून विचारलं. ती नको म्हणाली. तो बाहेर थांबला. संध्याकाळी दुसरीला विचारलं. तिनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान हलवली. सिस्टरांचा हात त्याच्या हातावर होता, पण बाळ त्यानंच घेतलं. रात्री तो लॉगबुक घेऊन सहीला आला, तेव्हा त्यात एकच नोंद होती.