तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेजला गेलेल्या मुलांच्या अभ्यासात आईवडिलांनी किती लक्ष घालायचं?

‘फोन केला की “हं, ठीक आहे” यापलीकडे मुलगी काही बोलत नाही. खोदून विचारलं तर चिडते. विचारणं सोडलं तर तिकडे काय चाललंय ते थेट निकालाच्या दिवशी कळतं. मग आम्ही लक्ष घालायचं तरी किती?’ मूल पहिल्यांदा घराबाहेर राहून शिकायला लागलं की हा प्रश्न येतोच. मुलगा असला तर फक्त ‘हं’ आणखी तुटक होतो.

‘किती’च्या आधी ‘कधी’ ठरवा. बहुतेक आईवडिलांचा सगळा जोर निकाल लागल्यावर लागतो, म्हणजे करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं तेव्हा. सत्राच्या पहिल्या महिन्यात त्याच्या पाव हिश्शाचं लक्षही पुरतं, आणि तेव्हा विचारलेलं मुलांना टोचत नाही, कारण अजून काही बिघडलेलं नसतं.

पहिल्या आठवड्यात एकच काम करायचं. प्रत्येक विषयाचे शिक्षक सुरुवातीला अभ्यासक्रमाचा आराखडा देतात: चाचण्या कधी, असाइनमेंट कधी जमा करायची, कशाला किती गुण. हे आराखडे वेगवेगळे मिळतात, म्हणून मुलं ते वेगवेगळेच ठेवतात, आणि एकाच आठवड्यात तीन गोष्टी येऊन आदळणार आहेत हे आदल्या रात्रीपर्यंत लक्षात येत नाही. एका कागदावर डावीकडे आठवडे लिहा, वर विषय, आणि चौकटीत तारखा व गुण. अर्ध्या तासाचं काम आहे. फोनवरूनही होतं, पण लिहायचं मुलीने, तुम्ही फक्त सोबत बसायचं. गर्दीचे दोन-तीन आठवडे लगेच डोळ्यांत भरतात. तुमच्याकडे तेवढेच आठवडे लिहून ठेवा, अख्खा तक्ता नको. घरातला एखादा कार्यक्रम त्या आठवड्यात ठेवायचा नाही आणि त्या दिवसांत लांबलचक फोन करायचे नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. रोज ‘आज ते जमा करायचं होतं ना?’ असं विचारायला लागलात, तर पुढच्या सत्रात तो कागद तुम्हाला दिसणार नाही.

‘दोन दिवसांत होईल’ असं मूल म्हणतं तेव्हा ते थाप मारत नसतं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत होईल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा निघाला. सगळंच बिनसलं तर किती, याचा अंदाज 49 च्या आसपास होता. प्रत्यक्षात लागले सरासरी 55 हून अधिक. म्हणजे मुलांची सर्वांत वाईट कल्पनासुद्धा तोकडी पडली. तेव्हा ‘दोन दिवसांत कसं होईल?’ हा वाद घालून काही मिळत नाही. ‘मागच्या वेळी असंच काम किती दिवसांत झालं होतं?’ असं विचारा आणि गप्प बसा. उत्तर तिला स्वतःच्याच तोंडून ऐकू येतं. वरच्या आकड्यांवरून एक ढोबळ हिशेबही करता येतो: मनात येईल त्याच्या दीडपट वेळ धरायचा, आणि थोडा वरती.

आता फोन. ठरलेल्या दिवशी आठवड्यातून एक निवांत फोन, वीस-पंचवीस मिनिटांचा, आणि वेळ मुलीने निवडलेली. मधले मेसेज हवे तितके, पण त्यांना लगेच उत्तर मिळालंच पाहिजे अशी अट नको. ‘अभ्यास झाला का?’, ‘वेळेवर झोपतेस ना?’ या प्रश्नांना ‘हो’ म्हटलं की सुटका होते, म्हणून उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी ‘या आठवड्यात कुठला तास डोक्यावरून गेला?’ किंवा ‘सध्या कोणाबरोबर जेवतेस?’ असं विचारा. दुसरा प्रश्न साधा वाटतो, पण एकटं पडलेलं मूल त्यावर अडखळतं, आणि ते अडखळणं कानाला कळतं. एका फोनमध्ये अभ्यासाचा एकच प्रश्न. बाकी वेळ घरातल्या गोष्टी सांगा, किरकोळ अडचणींसकट. ‘तिला कशाला काळजी’ म्हणून सगळं लपवलं की मूलही तुमच्यापासून तेच करायला शिकतं.

पहिल्या काही आठवड्यांत रडवेला फोन येतो. ‘इथे माझं कोणीच नाही, मला परत यायचंय.’ लगेच गाडीत बसू नका. आधी विचारा, ‘मी नुसतं ऐकू, की काही सुचवू?’ बहुतेकदा ऐकणंच हवं असतं. ‘आपण इथले नाहीच’ असं सुरुवातीला पुष्कळांना वाटतं आणि ते हळूहळू ओसरतं, एवढं कळण्यानेही बळ येतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना साधारण तासाभराच्या एका कामातून हीच गोष्ट पटवून दिली होती. त्यातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं, ते काम न केलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपेक्षा चांगले राहिले. एक सूचना मात्र जरूर करा: पहिले चार-पाच शनिवार-रविवार तिथेच काढ. मैत्री तासाला बसून फारशी होत नाही, रिकाम्या दुपारी होते, आणि दर शुक्रवारी घर गाठणाऱ्याच्या वाट्याला त्या दुपारी येत नाहीत.

गुण कमी पडले तर? पहिली पाच मिनिटं कारण विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी विचारायचं, आणि उत्तरपत्रिका समोर ठेवून. ‘अभ्यास कमी पडला’ हे कारण नव्हे, त्यात पाच वेगवेगळी कारणं दडलेली असतात. वाचलंच नव्हतं, वाचलं होतं पण आठवलं नाही, प्रश्न काय विचारतोय तेच कळलं नाही, वेळ पुरला नाही, किंवा तासांनाच गेली नव्हती. प्रत्येकावर इलाज वेगळा. ‘वाचलं होतं पण आठवलं नाही’ हे प्रामाणिक मुलांचं दुखणं. ती धडा चार वेळा वाचतात, ओळखीचा वाटायला लागतो, आणि ओळखीचं म्हणजे पाठ असा समज होतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, दुसरा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. आठवड्याने मात्र त्यातलं 42 टक्के आठवलं आणि आठवून लिहिलेल्यातलं 56. म्हणून पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं, मग उघडून ताडून बघायचं. यात तुम्हालाही जागा आहे: फोनवर ‘मला यातलं काही कळत नाही, समजावून सांग’ म्हणा. जिथे ती अडेल, तिथेच अभ्यासाची भेग आहे.

शिक्षकांना तुम्ही फोन करू नका. बऱ्याच ठिकाणी सज्ञान विद्यार्थ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय पालकांना देताच येत नाही, आणि देता आली तरी त्या फोननंतर मुलगी शिक्षकांसमोर जायला कचरते. मेल तिने लिहावा: नाव, विषय, वर्ग, कुठे अडलंय, काय करून पाहिलं आणि कधी भेटता येईल. सहा-सात ओळी पुरतात. भेटायला जाताना दोन नेमके प्रश्न लिहून न्यायचे. ‘मला काहीच समजत नाही’ याला कुठल्याच शिक्षकाकडे उत्तर नसतं. मेल तिने दाखवला तर वाचा, पण दुरुस्त करत बसू नका. पालकांनी लिहिलेला मेल पहिल्या ओळीत ओळखू येतो.

पैशांचं थोडक्यात. आधी दर पंधरवड्याला द्या, जमायला लागलं की महिन्याला. संपले की गुपचूप आणखी पाठवायचे नाहीत, कशात गेले ते तिने सांगितलं की पुढचं बोलायचं. आजारपण किंवा तातडीच्या प्रवासासाठीची रक्कम मात्र वेगळी, आणि ती वापरली म्हणून बोलणी खायला लावायची नाहीत.

एका बाबतीत मात्र वरचं सगळं बाजूला ठेवून लक्ष घालायचं. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मूल खिन्न आहे, झोप किंवा जेवण बिघडलंय, तासांना जात नाही, ठरलेले फोन चुकतात, ‘कशालाच अर्थ नाही’ असं बोलतं, जवळच्या वस्तू वाटून टाकतं. अशा वेळी आडून विचारू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर फोन ठेवू नका. दुसऱ्या फोनवरून खोलीतल्या मैत्रिणीला किंवा वॉर्डनला तिच्याजवळ पाठवा, तिथल्या आपत्कालीन सेवेला किंवा डॉक्टरांना कळवा आणि तुम्ही निघा. यासाठी ते दोन-तीन नंबर आधीच जवळ असावे लागतात. राहायला सोडायला जाल त्याच दिवशी मुलीला विचारून घ्या, आणि ते फक्त अशाच वेळी वापरू असा शब्द द्या. एकदा जरी ‘फोन का उचलत नाही’ म्हणून त्या मैत्रिणीला फोन केलात, तर पुढच्या वर्षी तो नंबर मिळणार नाही.