तनि आवर्तन चालू असताना

उद्यान एक्स्प्रेसचा प्रवास, लॉज, बेंगळुरूचं ट्रॅफिक, यातलं काहीच लिहिण्यासारखं नाही. गेलो होतो कर्नाटक संगीतातल्या डॉ. एल. सुब्रमण्यम यांचं व्हायोलिन समोर बसून ऐकायला.

कार्यक्रम चौडय्या मेमोरियल हॉलमध्ये. ही वास्तूच व्हायोलिनच्या आकाराची आहे, १९८० साली बांधलेली. म्हैसूरचे टी. चौडय्या सात तारांचं व्हायोलिन वाजवायचे. माइक नसलेल्या काळात मागच्या माणसालाही ऐकू जावं म्हणून. त्यांच्या नावाच्या हॉलमध्ये व्हायोलिन ऐकायला मिळावं, याहून काय हवं!

जागा पुढची मिळाली, त्यामुळे हात नीट दिसत होते. मांडी घातलेली, वाद्याचं एक टोक छातीशी, दुसरं उजव्या घोट्यावर. डाव्या हातावर वाद्याचा भार नाही, म्हणून तो तारेवर वरखाली मोकळा फिरतो. राग मोहनम्. स्वर आपल्या भूपाचेच, पण इथे गंधारावर बोट स्वस्थ बसेना. झुलत राहिलं, नि दर झोक्याला गंधार नवा लागला.

सुब्रमण्यम फ्यूजनही करतात, आणि फ्यूजन म्हटलं की आपल्याकडचे जाणकार नाक मुरडतात. मला ते कधीच पटलेलं नाही. या माणसाने वडिलांकडे, व्ही. लक्ष्मीनारायण यांच्याकडे, तालीम घेतली. लहानपण श्रीलंकेतल्या जाफन्यात गेलं. १९५८च्या दंगलीनंतर कुटुंबाला तिथून निघावं लागलं. मद्रासला डॉक्टरकी शिकले, कॅलिफोर्नियात पाश्चात्त्य संगीत. पुढे जॅझवाल्या स्तेफान ग्रापेलींबरोबर वाजवलं, १९८५ मध्ये झुबिन मेहतांच्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर स्वतःची रचना वाजवली, १९८८च्या ‘सलाम बॉम्बे’ला संगीत दिलं. एवढं सगळं फिरून आलेला माणूस आलापनेत तसूभर घाई करत नव्हता. पाया एवढा पक्का असला की कुणाबरोबरही बसता येतं, हे त्या संध्याकाळी कानांना पटलं.

मग तनि आवर्तन, म्हणजे फक्त तालवाद्यांचं वादन, सुरू झालं. व्हायोलिन खाली ठेवलेलं, आता मृदंगम् आणि घटम् यांची पाळी. आणि माझ्या पुढची अख्खी ओळ उठली! कुणी कॉफीला, कुणी फोन कानाला लावून. खुर्च्यांची खटखट, दाराची उघडझाप. दोन तास साथ करणाऱ्यांना हक्काची एवढीच वेळ मिळते, आणि तेव्हाच पाठ फिरवायची? मला फार राग आला. सुब्रमण्यम मात्र मांडीवर ताल धरून, मान डोलावत ऐकत होते.

शेजारच्या आजीही हलल्या नाहीत. मांडीवर टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा टाळी, हात उलटा, टाळी, हात उलटा. आदितालाच्या आठ मात्रा. मी चुकतोय हे बघून त्यांनी माझं मनगट धरलं आणि दोन आवर्तनं माझ्याच हाताने मोजून घेतली. भाषा एकमेकांची कळत नव्हती. तिसऱ्या आवर्तनाला हात सोडला, ‘हां!’ म्हणाल्या. त्यानंतर मृदंगाचा एकेक तुकडा फिरून समेवर कसा येतो ते मला कळायला लागलं, आणि शेवटच्या तिहाईला आम्ही दोघांनी एकदम टाळी दिली.

तिथे जाणार असाल तर कॉफी आधी पिऊन घ्या. हात जोडून सांगतो, तनिला उठू नका.