खिशात साठ लाख तोमान: इराणमधला रोजचा खर्च

इराणला जाऊन आलेल्या आपल्या लोकांच्या लिखाणात एक वाक्य हटकून असतं: ‘काय स्वस्ताई आहे हो!’ हे वाक्य मला खटकतं. डॉलर घेऊन जाणाऱ्याला इराण स्वस्त पडतो हे खरं आहे. पण तेहरानच्या कसायाच्या दुकानात अर्धा तास उभं राहिलं की ती स्वस्ताई कुणाच्या पगारातून येते हे दिसतं. तेहरान, इस्फहान, याझ्द ही वाट सगळेच करतात, तिथल्या घुमटांचे फोटो हवे तेवढे सापडतील. इथे फक्त पैशांचं लिहितोय. आकडे २०२४ च्या एप्रिल-मेमधले आहेत. तेव्हा खुल्या बाजारात डॉलर साठ हजार तोमानच्या आसपास होता. २०२५ मध्ये त्याने एक लाख तोमानचा टप्पा ओलांडला, त्यामुळे आता जाणाऱ्याने आकडे नव्याने बघावेत, हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

आधी ती रीत. नोटेवर आणि पाकिटावर छापलेलं असतं रियालमध्ये, लोक बोलतात तोमानमध्ये. दहा रियाल म्हणजे एक तोमान. कॅफेच्या मेनूकार्डावर नुसतं २५० लिहिलेलं असतं, ते अडीच लाख तोमान समजायचे. बिस्किटाच्या पुड्यावरची छापील किंमत आणि कार्ड मशीनवरचा आकडा मात्र रियालमध्ये, म्हणजे एक शून्य जास्त. नव्या नोटांवर शेवटची चार शून्यं मुद्दाम फिकट छापली आहेत: दहा लाख रियालच्या नोटेवर ठळक दिसतो तो १०० चा आकडा, आणि ती असते एक लाख तोमानची. तेव्हाच्या दराने रुपये काढायचे तर तोमानमधली तीन शून्यं उडवायची आणि उरलेल्याला १.४ ने गुणायचं. एक लाख तोमान म्हणजे एकशेचाळीस रुपये. फारसी आकडे विमानातच शिकून घ्यावेत. दहाच तर आहेत, आणि त्यांच्यावाचून बाजारात पदोपदी अडतं.

आपलं कार्ड इथे चालत नाही, कुठल्याच भारतीय बँकेचं नाही. ८ मे २०१८ ला अमेरिका इराणसोबतच्या अणुकरारातून बाहेर पडली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेल आणि बँकांवरचे निर्बंध परत आले, आणि इराणी बँका जगाच्या व्यवहारातून तुटल्या. त्यामुळे सगळ्या प्रवासाचे पैसे रोख न्यावे लागतात, डॉलर किंवा युरो. शंभर डॉलरची नवी, निळ्या पट्टीची, न दुमडलेली नोट न्यावी. जुन्या छपाईच्या, शाई लागलेल्या किंवा छोट्या नोटांना भाव कमी देतात. तेहरानमध्ये फिरदौसी रस्त्यावर चलन बदलून देणाऱ्या सराफांची दुकानं आहेत. फुटपाथवर ‘डॉलर, डॉलर’ पुटपुटणाऱ्यांकडे जाऊ नये, परवान्याचा बोर्ड असलेल्या दुकानातच बदलावेत. निघण्याआधी बोनबस्त या संकेतस्थळावर त्या दिवसाचा खुला भाव बघून ठेवावा. शुक्रवारी सगळं बंद असतं, गुरुवारी दुपारनंतर भरवसा नाही. शंभर डॉलरचे तेव्हा साठ लाख तोमान यायचे, म्हणजे लाखाच्या साठ नोटा. एका वेळी त्याहून जास्त बदलू नयेत, कारण भाव रोज हलतो आणि बहुतेक वेळा रियालच्या विरुद्धच हलतो.

इराणी माणूस स्वतः रोख फारशी वापरत नाही. देशातल्या देशात शेताब नावाचं कार्डांचं जाळं आहे आणि ते उत्तम चालतं. रस्त्यावर वाजवणाऱ्या कलाकाराने पुठ्ठ्यावर आपला सोळा अंकी कार्ड नंबर लिहिलेला असतो, लोक फोनवरून तिथे पैसे टाकतात. दुकानदार गिऱ्हाइकाचं कार्ड घेतो, मशीनमधून ओढतो आणि पिन विचारतो. गिऱ्हाईक भरल्या दुकानात चार आकडे मोठ्याने सांगून टाकतं. आपल्याला धडकी भरते, पण ऑनलाइन खरेदीला दर वेळी फोनवर नवा वेगळा पासवर्ड लागतो, त्यामुळे नुसता पिन ऐकून घरबसल्या कुणी खातं रिकामं करू शकत नाही. पर्यटकांना डॉलर भरून असंच स्थानिक कार्ड मिळतं. भाव थोडा कमी देतात, पण नोटांची थप्पी मोजण्यापेक्षा बरं.

आता कसायाचं दुकान. बकऱ्या-मेंढ्याचं मटण सहा ते सात लाख तोमान किलो, म्हणजे आपले नऊशे रुपये धरा. मुंबईतल्या भावापेक्षा कमी नाही, थोडं जास्तच. इराणी वर्ष १४०३ साठी, म्हणजे मार्च २०२४ पासून, सरकारने ठरवलेला किमान मूळ पगार होता महिना ७१,६६,१८४ तोमान. रुपयात दहा हजार. घरभाडं, मुलं वगैरेंचे भत्ते धरून तो वाढतो, पण मुळात तो अकरा किलो मटणाचा पगार आहे. म्हणून काउंटरवर कुणी किलोत बोलत नाही. तीनशे ग्रॅम, दोनशे ग्रॅम, त्यातही हाडं जास्त मागतात, कारण आबगुश्त नावाचा रस्सा हाडांवर निघतो. हाडं, शेपटीची चरबी, मूठभर चणे, बटाटा, टोमॅटो आणि सुकं लिंबू एवढ्यावर चार माणसं जेवतात: आधी रस्श्यात रोटी कुस्करून, मग उरलेलं ठेचून. कोंबडी ऐंशी हजारांच्या आसपास किलो, म्हणून घरोघर कोंबडीच. मॅकरोनीत खिम्याच्या जागी सोया पडतो.

मटण महाग आणि पेट्रोल फुकटासारखं, हे कसं? बहुतेक पेट्रोल देशातच शुद्ध होतं आणि भाव सरकार ठरवतं. इंधनाच्या कार्डावर महिन्याला साठ लिटरपर्यंत तेव्हा १५०० तोमान होते, पुढे ३००० तोमान. म्हणजे लिटरला दोन ते सव्वाचार रुपये, त्याच वेळी मुंबईत १०४ रुपये होते. हा १५००-३००० चा दर नोव्हेंबर २०१९ मध्ये एका रात्रीत लागू झाला, लोक रस्त्यावर उतरले आणि देशभर रक्त सांडलं. तेव्हापासून या दराला हात लावायला सरकार फार कचरलं. कोंबडी-मेंढ्यांचं खाद्य मात्र बाहेरून येतं. मका, सोयापेंड घ्यायला डॉलर लागतात, जहाज लागतं, विमा लागतो, पैसे फिरवून नेणारा दुबईचा दलाल लागतो आणि प्रत्येकाचं कमिशन शेवटी ताटात उतरतं. २०१८ पासून अशा मालासाठी सरकार आयातदारांना ४,२०० तोमानचा स्वस्त डॉलर देत होतं. मे २०२२ मध्ये तो बहुतेक मालासाठी काढून घेतला, आणि तेल, अंडी, कोंबडी, दूध एकदम भडकलं. नंतर आवश्यक मालासाठी २८,५०० चा नवा दर आला. म्हणजे दुकानातल्या प्रत्येक वस्तूमागे कोणता डॉलर आहे, यावर तिची महागाई ठरते. गृहिणींना हे अर्थमंत्र्याइतकं पाठ असतं.

भरपाई म्हणून सरकार २०२४ मध्ये माणशी दरमहा तीन किंवा चार लाख तोमान खात्यात टाकत होतं. ही योजना डिसेंबर २०१० मध्ये ४५,५०० तोमानने सुरू झाली, तेव्हा ते चाळीस डॉलरहून जास्त होते. २०२४ मध्ये तेवढ्याच तोमानचे चौसष्ट रुपये झाले.

भाताचं आपल्याशी थेट नातं आहे. गिलान-माझंदरान या उत्तरेकडच्या प्रांतांतला हाशेमी, तारोम तांदूळ लाख तोमान किलोच्या वर गेला, त्यामुळे साध्या घरात भारतीय बासमती शिजतो. पोत्यावर ११२१ हा वाणाचा आकडा बघूनच लोक घेतात. स्थानिक पीक निघताना काही महिने आयात बंद ठेवतात, तेव्हा त्याचाही भाव चढतो. हॉटेलवाला ‘इराणी भात’ अशी पाटी लावत असेल तर त्याचे वेगळे पैसे घेतो, आधी विचारून घ्यावं.

रोटी हा एकच घास अजून सगळ्यांच्या आवाक्यात आहे. सरकारी सवलतीच्या पिठाची सांगाक रोटी तेव्हा दहा रुपयांच्या आत मिळायची, तीळ लावले की जास्त. भट्टीत गरम खड्यांवर हातभर लांब रोटी भाजतात, त्यामुळे खाली खडे चिकटून येतात. जाळीच्या टेबलावर ती उलटी करून सगळे खडे झाडायचे, नाहीतर दात गेला. गरम रोट्या एकावर एक ठेवल्या की वाफेने चिवट होतात, म्हणून लोक त्या हातावर पसरून घरी नेतात. फक्त एकच रोटी हवी असेल तर काही ठिकाणी वेगळी, पटकन सरकणारी रांग असते. महाग, खुल्या पिठाच्या भट्ट्याही आहेत, तिथे रांग नसते.

घराचं भाडं मुंबईकराला लगेच कळेल, कारण तिथे हेवी डिपॉझिटचाच धडा आहे. रहन म्हणून मोठी रक्कम मालकाकडे ठेवायची. दर दहा कोटी तोमानमागे महिन्याचं तीस लाख भाडं सुटतं, पूर्ण रहन दिली तर भाडं शून्य. फरक एवढाच, की दोन वर्षांनी परत मिळणाऱ्या त्याच रकमेत तसंच घर येत नाही. म्हणून उरलेला पैसा कुणी तोमानमध्ये ठेवत नाही. ८.१३ ग्रॅमचं सोन्याचं नाणं तेव्हा चार कोटी तोमानच्या घरात होतं, तरी जमेल तसं लोक तेच घेतात, अर्धं किंवा पाव.

फोनचं एक सांगतो, कारण तिथे पर्यटक नेमके अडकतात. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम तेव्हा बंद होतं, म्हणून व्हीपीएन, म्हणजे अडवलेली संकेतस्थळं उघडून देणारं अ‍ॅप, भारतातूनच टाकून न्यावा. पण व्हीपीएन चालू असताना टॅक्सीचं स्नॅप हे अ‍ॅप उघडत नाही, ते देशाबाहेरचा पत्ता नाकारतं. आधी बंद करा, गाडी बोलवा, मग चालू करा. स्थानिकांना चांगल्या व्हीपीएनसाठी दरमहा वेगळे पैसे मोडावे लागतात, किराण्यासारखेच.

औषधांवर कागदोपत्री निर्बंध नाहीत. देशात बनणारी साधी औषधं स्वस्त आणि चांगली मिळतात. पण बाहेरच्या औषधाचे पैसे पाठवायला बँक तयार होत नाही, आणि मग ते येतच नाही. त्वचा सोलवटणाऱ्या एपिडर्मोलायसिस बुलोसाच्या मुलांसाठी स्वीडनमधून येणाऱ्या फोमच्या पट्ट्या २०१८ नंतर थांबल्या. त्या मुलांची पट्टी साध्या कापसाने बदलायची म्हणजे कातडी सोबत निघते. याला मी दुसरा शब्द शोधत नाही, हा क्रूरपणा आहे. दुर्मीळ औषधासाठी लोक आधी तेहरानच्या ‘तेरा आबान’ औषधालयात चिठ्ठी दाखवतात, नाही मिळालं तर नासिर खुसरो रस्त्यावरच्या दलालांकडे जातात. तिथे खोका खरा की खोटा, आणि इन्सुलिनसारखं औषध थंडीत ठेवलं होतं की उन्हात, हे कळायला मार्ग नाही. आपली औषधं पूर्ण प्रवासापुरती चिठ्ठीसकट न्यावीत, तिथल्या तुटपुंज्या साठ्यातून घेऊ नयेत.

आणि टॅक्सीवाल्याशी वीस हजार तोमानसाठी घासाघीस करू नये. तेव्हाच्या दराने आपले ते अठ्ठावीस रुपये होते, त्याच्या घरी चार-पाच सांगाक यायच्या. उरलेले तोमान विमानतळाच्या आधी शहरातच डॉलरमध्ये बदलून घ्यावेत, भारतात ते कुठलीच बँक घेत नाही.